मदत हवी आहे: पायाच्या नसेचं रेटिंग १० चं ४० झालं, पण तारीख चुकीची धरलीय

किलीनकर
अर्जंट आहे. उजव्या पायाच्या नसेचं रेटिंग १० वरून ४० झालं पण पैसे एप्रिल २०२५ पासूनच देतायत, पाय तर त्याच्या दोन वर्षं आधीपासून बधिर आहे. मागचे पैसे मिळवायला कुठला फॉर्म भरायचा एवढंच सांगा. फोनवर प्रत्येक जण वेगळं सांगतो, मुदत संपत आलीय म्हणतात, घरात कमावता मी एकटाच.

मेधा_ओहायो
कसलं रेटिंग, कुणी दिलं? क्लेम कधी टाकला, लेटरवर तारीख कुठली? यातलं काहीच लिहिलं नाहीत, सांगणार काय?

सातारचा_फौजी
जय हिंद. बाळा, आधी पीपीओ, म्हणजे पेन्शनचा आदेश, काढ आणि मेडिकल बोर्डाने किती टक्के लिहिलेत ते बघ. ४० असेल तर ब्रॉड बँडिंगमध्ये, म्हणजे टक्के वरच्या टप्प्यात नेतात त्यात, ५० धरतात, ५० ते ७५ वाल्याला ७५, त्याच्या वर थेट १००. सुप्रीम कोर्टाचा राम अवतारचा निकाल आहे २०१४ चा, तो दाखव. थकबाकीसाठी तरसेम सिंग, २००८, त्यात उशिरा गेलेल्याला अर्जाच्या आधीची ३ वर्षंच मिळाली, म्हणून म्हणतो थांबू नको. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, ते अर्ज लिहून देतात.

किलीनकर
काका नमस्कार, मी अमेरिकेच्या आर्मीत होतो. २०१३ ला मॅव्हनीमधून, म्हणजे परदेशी लोकांना भाषेवर घ्यायचे त्या योजनेतून, हिंदी भाषेवर भरती झालो, २०१८ ला बाहेर पडलो, आता टेक्सासमध्ये असतो. हे सगळं व्हीएचं, म्हणजे तिथल्या माजी सैनिक खात्याचं आहे, रेटिंग म्हणजे अपंगत्वाचे टक्के, सॉरी, मला वाटलं कळेल.
मेधाताई, क्लेम ३ मार्च २०२५ ला टाकला, मे मध्ये तपासणी झाली, लेटर २४ जून २०२५ चं. कंबरेचे २० आधीपासून आहेत. इफेक्टिव्ह डेट, म्हणजे वाढ लागू झाल्याची तारीख, ३ मार्च लिहिलीय आणि पैसे १ एप्रिलपासून, त्यातले महिन्याचे दिवसही खाल्ले.

मेधा_ओहायो
ते दिवस कुणी खाल्ले नाहीत, इफेक्टिव्ह डेटच्या पुढच्या महिन्याच्या १ तारखेपासूनच पैसे सुरू होतात, सगळ्यांचंच तसं असतं. खरा प्रश्न ३ मार्चचा आहे. आणि २४ जून २०२६ च्या आत हलायलाच हवं. एक वर्ष उलटलं की तो निर्णय पक्का होतो, मग नुसती तारीख मागे न्या म्हणून वेगळा क्लेम चालत नाही, त्यांची ढळढळीत चूक सिद्ध करावी लागते आणि ते फार कठीण आहे. माझ्या नवऱ्याचं तिथेच अडकलं.

जुना_नेव्हीवाला
सोपं आहे. दोन वर्षांपासून त्रास आहे असं ठासून लिही, बायकोचं स्टेटमेंट जोड, दोन वर्षं मागे जाते तारीख.

मेधा_ओहायो
अजिबात नाही! वाढीच्या क्लेममध्ये क्लेमच्या आधीच्या एका वर्षात त्रास वाढल्याचं दिसलं तरच तारीख त्या दिवसापर्यंत मागे जाते. वाढ त्याच्याही आधीची ठरली तर उलट क्लेमचीच तारीख मिळते. गॅस्टन म्हणून २०१० चा फेडरल सर्किटचा, म्हणजे तिथल्या अपील कोर्टाचा, निकाल आहे. "दोन वर्षांपासून असंच आहे" लिहिलं की हातचंही जाईल.

जुना_नेव्हीवाला
मग काय खोटं लिहायचं?

निखिल_फिजिओ
खोटं कशाला? बधिरपणा आणि ताकद जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सायटिकच्या, म्हणजे कंबरेतून पायात जाणाऱ्या नसेला व्हीएचा कोड ८५२०, सौम्य १०, मध्यम २०, मध्यमहून जास्त ४०, स्नायू स्पष्ट वाळले असतील तर ६०, नस पूर्ण गेली तर ८०. नुसतं बधिर असेल, मुंग्या येत असतील तर फार तर मध्यम धरतात, म्हणजे २० च्या वर जातच नाही. तुम्हाला ४० मिळाले म्हणजे ताकद कमी झालेली दिसली असणार. तर पाय बधिर कधी झाला ते सोडा, पाऊल वर उचलेनासं कधी झालं आणि कागदावर कधी आलं ते सांगा.

शुभांगी_के
बी१२ तपासलं का? शाकाहारी लोकांत फार कमी असतं, माझ्या सासऱ्यांचे पाय इंजेक्शनांनी सुधारले. तिळाच्या तेलाने मालीशही करा.

किलीनकर
ताई, बी१२ नॉर्मल आहे, एमआरआयमध्ये मणक्यात नस दाबलेली दिसते.
निखिल, तुम्ही विचारलंत आणि आठवलं. २०२३ ला नुसता बधिर होता. २०२४ च्या उन्हाळ्यात मुलीच्या शाळेत पायऱ्या चढताना चप्पल निसटली, पडलो, कळलंही नाही पाऊल उचललं गेलं नव्हतं ते. मग प्रायव्हेट न्यूरॉलॉजिस्टकडे गेलो, ईएमजी, म्हणजे नस-स्नायूंची तपासणी, झाली १८ सप्टेंबर २०२४ ला. ते त्यांच्याकडे असेलच ना?

मेधा_ओहायो
नसेल! प्रायव्हेट डॉक्टरचे कागद आपोआप जात नाहीत, तुम्ही द्यायचे किंवा २१-४१४२ या परवानगीच्या फॉर्मवर सही करून मागवायला सांगायचं. लेटरमध्ये पुराव्याची यादी असते, त्यात बघा. आणि मार्चच्या आधी ऑनलाइन फॉर्म उघडून अर्धवट सोडला होता का?

किलीनकर
यादीत नाहीये. आणि हो, नोव्हेंबरमध्ये लॉगइन करून सुरू केला होता, मग आईच्या आजारपणात पुण्याला गेलो. अकाउंटमध्ये इंटेंट टू फाइल म्हणून १२ नोव्हेंबर २०२४ दिसतंय. हे मी कधी केलं?

मेधा_ओहायो
क्लेम टाकणार आहे अशी ती नोंद, फॉर्म सुरू केला की आपोआप होते. एका वर्षाच्या आत पूर्ण क्लेम टाकलात, म्हणजे क्लेमची तारीख १२ नोव्हेंबरच धरायला हवी होती.

जुना_नेव्हीवाला
मग हायर लेव्हल रिव्ह्यू, म्हणजे वरच्या अधिकाऱ्याकडून फेरतपासणी, फॉर्म २०-०९९६. चूक त्यांच्याच फाइलमध्ये आहे, मी तसंच केलं आणि मिळालं.

मेधा_ओहायो
त्यात नवा कागद बघत नाहीत. ईएमजी बघायची तर सप्लिमेंटल, म्हणजे नव्या पुराव्याचा पुरवणी क्लेम, फॉर्म २०-०९९५, त्यातच नोव्हेंबरचंही लिहायचं. आधी एक, त्यात नाही जमलं तर पुढच्या निर्णयापासून वर्षाच्या आत दुसरं, असंही चालतं. फक्त वाढीचा नवा क्लेम टाकू नका, जुनी तारीख हातची जाईल.

आरपी_ह्यूस्टन
माझ्या ओळखीचा कन्सल्टंट आहे, मागच्या पैशातले थोडे घेतो, सगळं करतो.

जुना_नेव्हीवाला
त्याला व्हीएची मान्यता आहे का ते आधी विचारा, नसेल तर फी घेण्याचा अधिकारच नाही. टेक्सास व्हेटरन्स कमिशनची, म्हणजे राज्याच्या माजी सैनिक कार्यालयाची माणसं फुकट करून देतात. यावर तरी मेधाताई आणि माझं एकमत असेल.

विदर्भकन्या
सातारच्या काकांना विचारायचं होतं, वडिलांचं २० टक्के आहे, स्पर्श या पेन्शनच्या पोर्टलवर जुनाच आकडा दिसतो, ५० होईल का?

सातारचा_फौजी
होईल मुली, पण अर्ज करावा लागेल. वेगळा धागा काढ, पीपीओची तारीख आणि कसे रिटायर झाले ते लिही, मी बघतो. इथं या पोराचं चाललंय.

निखिल_फिजिओ
किलीनकर, त्या सप्टेंबरच्या रिपोर्टमध्ये ताकदीचा आकडा लिहिलाय का? पाच पैकी किती, असा असतो.

किलीनकर
आता काढला कपाटातून. उजवं पाऊल वर उचलणं, ३/५. डाव्याचं ५/५. एवढा कागद माझ्याच घरात पडून होता आणि मी फोनवर भांडत बसलो. मंगळवारी कमिशनच्या ऑफिसात वेळ मिळालीय, हा रिपोर्ट आणि नोव्हेंबरच्या नोंदीची प्रिंट घेऊन जातो. १८ सप्टेंबर धरलं तर ऑक्टोबर २०२४ ते मार्च २०२५, सहा महिन्यांचा फरक निघेल.