शब्दचर्चा: वाम, शिंगटा, मळ्या... आणि ‘मासे मारणे’

बांधावरचा
उजनीच्या फुगवट्यावर सुट्टीच्या दिवशी गळ टाकून बसणारा माणूस आहे मी. आजवर हाताला लागली ती बहुतेक चिलापीच. गांडूळ लावायचं, पाण्यावर तरंगणारी मोरपिसाची काडी थरथरली की तंगूस, म्हणजे गळाचा दोरा, ओढायचा, संपलं. आता जरा वेगळ्या जातींचे मासे शिकायचे आहेत, पण गाडी नावांवरच अडते. काठावरचे लोक म्हणतात, ‘रात्री बसा, वाम लागंल.’ मुंबईची मावशी वाम म्हणते तो समुद्रातला मासा. शिंगटा, शिंगटी, शिंगाळा हे एकच का, तेही कळत नाही. आणखी एक. मी घरातून निघताना ‘मासे मारायला चाललो’ म्हणतो. लहान मासे परत पाण्यात सोडतो, तर मुलगी विचारते, ‘मग मारले कुठे?’ गळाने मासे धरायला मराठीत स्वतंत्र क्रियापद आहे का?

मुठेकाठी
वामीपासून सुरू करू. या एका नावाखाली निदान तीन मासे नांदतात. मावशींची वाम खाऱ्या पाण्यातली, ती बाजूला ठेवा. नदीतली वाम म्हणजे लांबट, चपटी, टोकदार नाकाडाची. मेलेली वाम हातात घेऊन पाठीवरून शेपटीकडून डोक्याकडे बोट फिरवा, बारीक काट्यांची ओळ बोटाला अडकेल. डोक्याकडून शेपटीकडे फिरवलंत तर काटे आडवे पडतात, काही जाणवत नाही. तिसरा तो अहेर. त्याला बरेच लोक वामच म्हणतात, पण त्याच्या पाठीवर असे काटे नसतात, अंग गुळगुळीत आणि बुळबुळीत. हा वाढतो नदीत आणि अंडी घालायला समुद्रात जातो, म्हणून धरणांच्या वर तो सहसा सापडत नाही. तेव्हा उजनीला कोणी ‘वाम’ म्हणालं तर काट्यांची वाम समजा. दिवसा दगडकपारीत असते, अंधार पडला की बाहेर येते. गांडूळ तळाला टेकलेलं हवं. काडी लावून अधांतरी सोडलेल्या गळाला वाम लागायची शक्यता कमी. आणि लागलीच तर दोऱ्याला असे पीळ घालते की पुढचा हातभर तंगूस कापून टाकावा लागतो.

गरीवाली
क्रियापद आसा ना! आमच्या सिंधुदुर्गात गळाक ‘गरी’ म्हणतत, आणि गरीन मासे धरूचा म्हणजे ‘गरवूचा’. ‘खंय चललंस?’ ‘गरवूक.’ इतक्याच. पुस्तकी मराठीत ‘गरवणे’ लिहायला हरकत नाही. तसंच पाग हे फेकायचं जाळं, त्याने मासे धरणं म्हणजे ‘पागणे’. म्हणजे कशाने धरता ते क्रियापदातच आलं. ‘मासेमारी’ हा शब्द मला सरकारी खात्याचा वाटतो. गरवायला बसलेला माणूस मासेमारी करत नसतो, त्याचा अर्धा दिवस बघण्यात जातो.

कळकाची काठी
‘मासे मारणे’ला इतकं हिणवू नका. देशावर सगळे तेच म्हणतात आणि त्यात जीव घेण्यावर भर नसतो. गप्पा मारतो, चकरा मारतो, तसेच मासे मारतो. मुलीला एवढं सांगितलं तरी पुरे. ‘मासे पकडणे’ मात्र मला अजून परकं वाटतं. आमची आजी ‘धरणे’ म्हणायची, मासा धरला, खेकडा धरला.

वळीव
शिंगट्याचं मी सांगतो, कारण त्याची गोष्ट मोठी आहे. किनाऱ्यावर शिंगाळा म्हणतात तो समुद्रातला मिशीवाला मासा. आपल्या नद्यांत शिंगटा मोठा, लांब मिशांचा. शिंगटी म्हणजे त्याच कुळातली पण वेगळी, आकाराने बरीच लहान जात. ‘शिंग’ आलं ते पाठीवरच्या आणि गालांमागच्या परांतल्या काट्यांवरून. मासा पाण्याबाहेर आला की हे काटे ताठ होऊन अडकून राहतात आणि हाताला सणसणीत टोचतात.

आता गंमत बघा. विल्यम हेन्री साइक्स नावाचा कंपनी सरकारचा लष्करी अधिकारी दख्खनमध्ये फिरला आणि 1839 मध्ये त्याने इथल्या माशांची शास्त्रीय वर्णनं छापली. जातींची नावं ठेवताना त्याने लॅटिन फार शोधलं नाही, इथले लोक बोलत तीच नावं उचलली. म्हणून शिंगटीचं शास्त्रीय नाव आजही ‘मिस्टस सींगटी’ आहे. मळ्या ‘गार्रा मुल्या’, कोळीस ‘हिप्सेलोबार्बस कोलुस’. दख्खनी महसीर ‘टॉर खुदरी’, आणि त्याचं वर्णन पुण्याच्या मुळा-मुठेतल्या माशावरून केलेलं आहे. जगभरातले अभ्यासक आज जे नाव लिहितात ते मुळात पुण्याकडच्या कुठल्यातरी मासे धरणाऱ्या भोयाच्या तोंडचं. त्या भोयाचं नाव मात्र कुठेच लागलं नाही, साइक्सचं लागलं. हे मला खटकतं.

म्हणून बांधावरचा यांना माझा आग्रह आहे की ‘कॅटफिश’वर थांबू नका. कॅटफिश म्हटलं की शिंगटा, शिंगटी, गुगळी, मांगूर सगळे एका टोपलीत पडतात. गुगळी पातळ, चपट्या अंगाची आहे, शिंगट्यासारखी नाही. मांगूर चिखलाचा, हवेतून श्वास घेणारा. नाव कळलं की तो कुठे बसतो हे विचारता येतं.

मुठेकाठी
वळीव, साइक्सचं पटलं. पण ‘इथल्या लोकांचं नाव म्हणजे अचूक नाव’ असं समजू नका. वामीचंच उदाहरण वर दिलंय. एकाच नदीवर दोन गावं सोडून नाव बदलतं, आणि कधी नाव तेच राहून मासा बदलतो. नाव विचारा आणि सोबत मासाही बघा.

कळकाची काठी
बघायचं म्हणजे तोंड बघा! आमचे मामा एवढंच शिकवून गेले. कटल्याचं तोंड वरच्या बाजूला वळलेलं, म्हणजे तो वरच्या थरात खातो. मृगलचं खाली, तो तळाचा. रोहू मधल्या थरातला. कणकेचा गोळा तोच, शेंगपेंड मिसळलेली, पण गळ किती खोल सोडायचा ते तोंडावरून ठरवायचं. मळ्याच्या तर हनुवटीखाली चकतीच असते, तिने तो वाहत्या पाण्यात दगडाला चिकटतो आणि दगडावरचं शेवाळ खरवडतो. त्याच्यासाठी गळ घेऊन बसणं म्हणजे वेळ घालवणं. आम्ही ओढ्यात दोघं मिळून धोतराचं पान धरायचो, एकजण वरून दगड हलवायचा.

बांधावरचा
वा! कटल्यासाठी मी आजवर गळ तळाला सोडत होतो, आता समजलं. ‘चिलापी’ हा शब्द कुठून आला? की तोही एखाद्या भोयाचा?

वळीव
तिलापियाचीच चिलापी झाली. हा मासा आफ्रिकेतला, भारतात 1952 मध्ये आणला. मादी अंडी आणि पिल्लं तोंडात सांभाळते, म्हणून पिल्लं जगतात जास्त आणि पाणी बघता बघता व्यापतात. आपल्याकडे येऊन त्याला इतकं घरचं नाव मिळालं की बाजारात ‘तिलापिया’ मागितली तर बाई तुमच्याकडे बघत राहते. चिलापी हा आता मराठी शब्दच, दुरुस्त करायला जाऊ नये.

गरीवाली
कोणी ‘चढणीचे मासे’ अजून काढले नाहीत? पहिल्या मोठ्या पावसात मासे प्रवाहाच्या उलट ओढ्यात, शेतात चढतात. रायगडकडे याला ‘वलगण’ म्हणतात. नवख्या माणसाला एकाच रात्री कितीतरी जाती बघायला मिळतात.

मुठेकाठी
बघायला मिळतात हे खरं. पण ते मासे अंडी घालायला चढतात, पोटात गाभोळी असते. पूर्वी घरापुरते धरायचे, आता रात्रभर वाट अडवून धरतात. शिकायचं असेल तर बॅटरी घेऊन बघायला जावं, टोपली घरी ठेवावी.

गरीवाली
आमच्याकडे घरटी एक वाटणी ठरलेली असते हो, सगळेच लुटायला जात नाहीत. पण सध्या जे चाललंय ते मलाही बरं वाटत नाही.

बांधावरचा
शेवटचा प्रश्न. मरळ शिकायची आहे. ती वर येऊन श्वास घेते हे पाहिलंय, गवताच्या कडेला पाणी ‘फुटतं’. त्याला काही शब्द?

कळकाची काठी
आम्ही ‘मरळ फुटली’च म्हणतो. फुटली त्याच्या थोडं पुढे, गवताच्या फटीत जिवंत चारा टाकायचा. झटका बसला की लगेच ओढू नका, तिला तो गिळू द्या. मात्र पावसाळ्यात लालसर पिल्लांचा घोळका पाण्यावर दिसला तर तिथून उठा. नर-मादी खाली राखणीला असतात, पुढे काही आलं की झडप घालतात, त्यामुळे लागते चटकन. पण ती गेली की पिल्लं एका दिवसात दुसऱ्या माशांच्या पोटात. आणि तलाव ठेक्याचा असेल तर आधी मच्छीमार संस्थेत विचारून या, काठीपेक्षा ते महत्त्वाचं.