मदत हवी आहे : बिहारचा दुष्काळ (१९६६-६७) आणि राज्यवार धान्यवाटपाचे आकडे

१९६५ आणि १९६६ असे लागोपाठ दोन पावसाळे हुकले, १९६४-६५ मधील सुमारे ८.९ कोटी टनांचे धान्योत्पादन पुढच्याच वर्षी ७.२ कोटी टनांवर आले आणि नेमक्या त्याच काळात अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांनी पीएल-४८० या अमेरिकी अन्नसाहाय्य कायद्याखाली भारताला मिळणाऱ्या गव्हाला थोड्याथोड्या मुदतीचीच मंजुरी देण्याचे धोरण धरले. या बाजूचे साहित्य माझ्याकडे पुरेसे आहे. अडचण देशांतर्गत राजकारणाची आहे. शिलकीच्या राज्यांतून तुटीच्या राज्यांत धान्य नेण्यावर विभागबंदी होती आणि बिहारमध्ये दुष्काळ अधिकृतपणे जाहीर झाला तो निवडणुका उरकून नवे सरकार आल्यावर, एप्रिल १९६७ मध्ये. परकीय दबावाइतकीच ही दिरंगाईही तपासली गेली पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

त्या वर्षांच्या आर्थिक पाहणी अहवालांत देशाची एकूण बेरीज मिळाली. लोकसभेतील चर्चांत मला सुटे आकडे सापडले, सलग नाहीत. दिल्लीला जाणे शक्य नाही, पुण्या-मुंबईतील ग्रंथालये चालतील. हिंदी-इंग्रजी कागदपत्रेही चालतील. जून १९६६ ते जून १९६७ या काळात बिहारने दरमहा किती धान्य मागितले आणि केंद्राने प्रत्यक्षात किती पाठवले, हे दोन्ही आकडे कोणत्या अहवालात एकत्र मिळतील?