बाळंतिणीचा ताप आणि कोरोना

‘खोकला नाही, नुसता ताप आहे, म्हणजे दूध साठलं असणार’ असं बाळंतिणीच्या तापाबद्दल कुणीतरी लिहिलंय. असेलही. पण बाळंतपणानंतर तापाची कारणं बरीच: स्तनाची सूज, गर्भाशयातला किंवा लघवीचा जंतुसंसर्ग, पिकलेले टाके. कोरोनाही त्याच रांगेत बसतो, आणि एक कारण सापडलं म्हणून दुसरं नसेलच असं नाही. कोरोनाची झटपट होणारी अँटिजेन चाचणी निगेटिव्ह आली तरी लक्षणं असतील तर जास्त खात्रीची आरटी-पीसीआर चाचणी करून घ्यावी.

रक्ताचे रिपोर्ट इथे हमखास चकवतात. प्रसूतीनंतर पांढऱ्या पेशी, सीआरपी (शरीरातली सूज दाखवणारं प्रथिन), डी-डायमर (रक्ताच्या गुठळीची खूण) हे सगळं तसंही काही दिवस चढलेलंच असतं, त्यामुळे नुसत्या आकड्यांवरून निदान करू नये.

मला जास्त काळजी वाटते ती दम लागण्याची. तो ‘अशक्तपणाचा’ म्हणून सोडून दिला जातो. कोरोनाशिवाय फुप्फुसात अडकलेली रक्ताची गुठळी किंवा हृदयाच्या स्नायूचा आजारही त्यामागे असू शकतो. गुठळीचा धोका प्रसूतीनंतर निदान ६ आठवडे जास्त असतोच, कोरोना त्यात भर घालतो. म्हणून हेपॅरिनची (रक्ताच्या गुठळ्या होऊ न देणाऱ्या औषधाची) इंजेक्शनं द्यायची का, हे डॉक्टरांना आवर्जून विचारा. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर ऑक्सिजन ९४ टक्क्यांच्या खाली गेला तर घरी थांबू नका. कोरोनासाठी स्टेरॉइड मात्र बाहेरून ऑक्सिजन द्यावा लागत असेल तरच; साध्या तापाला पॅरासिटामॉल पुरतं, ते अंगावर पाजतानाही चालतं.

आणि हो, बाळाचं दूध तोडू नका. मास्क लावून, हात धुऊन पाजावं. आईला फारच थकवा असेल तर काढलेलं दूध दुसऱ्या कुणीतरी पाजावं.