गोदामातल्या जागांना नंबर कसे द्यावेत? (सोयाबीन, तूर, हरभरा)

मानोऱ्याकडचा:
आमच्या शेतकरी कंपनीचं गोदाम 60 बाय 40 फुटांचं आहे. ऑक्टोबरपासून सोयाबीन येते, ते निघायच्या आत तूर सुरू होते, मागोमाग हरभरा. कोणाचा माल कुठं लागला, हे एका जुन्या हमालभाऊंनाच ठाऊक. ते सुट्टीवर गेले की सभासद दारात उभा अन् आम्ही पोत्यांची एकेक थप्पी पाहून राहिलो. 'सोयाबीन', 'तूर' अशा पाट्या भिंतीवर लावाव्यात का? संगणक नाही, वही अन् मोबाईलवरच काम चालते. अनुभव असणाऱ्यांनी सांगा.

वखारवाला, कारंजा:
पिकाच्या पाट्या नका लावू भाऊ. तूर उठली की तिथं हरभरा लागतोच, पाटी मात्र 'तूर'च राहते. जागेला कायमचा नंबर द्या अन् मालाची माहिती थप्पीला बांधायच्या कार्डावर ठेवा.

आधी गोदाम रिकामं असताना जमिनीवर थप्प्यांचे चौकोन ऑइल पेंटनं आखा. खडूच्या रेघा हमालांच्या पायाखाली पुसल्या जातात. भिंतीपासून दोन-अडीच फूट सोडा. तिथून माणूस फिरला तरच घुशीचं बीळ किंवा पावसाळ्यात भिंतीची ओल दिसते. मग दारात उभं राहून आत तोंड करा: डावीकडून पहिली रांग क, मग ख, ग. प्रत्येक रांगेत दाराकडून 1, 2, 3. 'घ' वगळा, घाईच्या अक्षरात तो 'ध' वाचला जातो. थेट 'च' घ्या.

जमिनीवरचा नंबर माल लागला की झाकला जातो. म्हणून तोच नंबर खांबावर किंवा वर छपराच्या कैचीवर, थप्पीच्या उंचीच्या वर, वीतभर अक्षरात काढा. एक्स-रेच्या जुन्या फिल्मचा साचा कापला की सगळे आकडे सारखे येतात. खळ लावून कागद चिकटवू नका, उंदीर कुरतडतात.

बियाणेवाली ताई, हिंगणघाट:
वरच्या सल्ल्याला माझं पूर्ण अनुमोदन. एक भर घालते. घरचं सोयाबीन बियाणं ठेवणार असाल तर त्याला दारापासून दूरची जागा राखून ठेवा, थप्पीही कमी उंचीची लावा. त्याचं साल पातळ असते, खालच्या कट्ट्यांवर (पोत्यांवर) भार पडला की उगवण घटते. त्या थप्पीच्या कार्डावर ओलावा (12 टक्क्यांच्या आत हवा) आणि उगवण चाचणीची तारीख लिहाच. प्रमाणित बियाण्याला किमान 70 टक्के उगवण लागते, ऐन जूनमध्ये ते कळून उपयोग नाही.

मानोऱ्याकडचा:
ताई, भाऊ, फार कामाचं सांगितलं. कार्डावर अजून काय काय लिहावं? अन् तीन-चार कट्टेवाल्या सभासदांचं काय करावं? त्यांची वेगळी थप्पी लावणं परवडत नाही.

वखारवाला, कारंजा:
कार्डावर जागा, पीक, आवक तारीख, कट्टे, वजन, धुरीकरणाची (कीड मारायला गॅस सोडल्याची) तारीख. जावक झाली की तिथल्या तिथं वजा करून शिल्लक लिहायची. कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून थप्प्यांमधल्या वाटेकडच्या बाजूला सुतळीनं बांधा. धुरीकरण मात्र परवानाधारकाकडूनच करून घ्या, अन् गॅस असेतोवर त्या थप्पीवर 'धोका' पाटी हवी.

प्रत्येक थरात सारखे कट्टे लावून घ्या. 10 कट्ट्यांचे 12 थर म्हणजे 120 कट्टे, 50 किलोच्या भरतीनं 60 क्विंटल. बाहेरूनच मोजता येते.

छोट्या सभासदांसाठी दाराजवळची एक जागा, समजा क-1, राखीव ठेवा. तिथल्या प्रत्येक कट्ट्यावर मार्करनं सभासद क्रमांक टाका. जागेचा नंबर कट्ट्यावर नको, माल हलला की तो खोटा ठरतो. अन् क्रमांक कट्ट्याच्या बुडाकडं लिहा. थप्पी लावताना शिवलेलं तोंड आत जाते, बाहेर दिसते ते बूड.

मानोऱ्याकडचा:
हे डोक्यात नव्हतं. सोयाबीन यायच्या आत पेंटरला बोलावतो. हमालभाऊंनाही सोबत घेतो, रांगा कुठून धरायच्या ते त्यांनाच विचारून आखू.