मदत हवी आहे : छोटा बैल उभा राहतो, मोठा बसतो

पाचवीच्या २२ मुलांसोबत टाकाऊ वस्तूंचा बैल करतोय. आधी प्रत्येक गटाने १५ सेंमी उंचीचा नमुना केला: पुठ्ठा, वर्तमानपत्राच्या सुरळ्या, मैद्याची खळ. नमुने फार सुंदर झाले. एका गटाने तर वशिंडासाठी नारळाची करवंटी वापरली! त्यातला एक निवडून दहापट, म्हणजे दीड मीटरचा करायला घेतला आणि पुढचे पाय गुडघ्यातच वाकले.

कारण कळतंय. सगळ्या बाजू दहापट केल्या की वजन हजारपट होतं, ते पेलणाऱ्या पायाच्या आडव्या छेदाचं क्षेत्रफळ मात्र शंभरपटच. पण हे मुलांना नमुन्यातच दिसायला हवं, मोठं काम कोसळल्यावर नको.

पायात वाळू भरलेल्या बाटल्या घातल्या. पाय वाकायचे थांबले, पण आता धड मानेकडे झुकतंय. चारही पाय पुठ्ठ्याच्या तळाला चिकटवले, तर तळच वाकला. पोटाखाली टेकू द्यायला मुलं तयार नाहीत आणि मला त्यांचं म्हणणं पटतं.

वेल्डिंग, गरम गोंदाची बंदूक, धारदार पत्रा चालणार नाही. बांबू आणि सुतळी आहे. खर्च ५०० रुपयांपर्यंत. बैल व्हरांड्यात, पावसापासून आत राहील. दार ९० सेंमी रुंद आहे.

मधला ५० सेंमीचा नमुना करायचा विचार आहे. तो मोठ्या बैलाच्याच साहित्यातून करून पाठीवर वजन ठेवून तपासावा का? ठेवायचं तर किती आणि नेमकं कुठे?