विल्यम दोन, खरा कुठला? सफोकमधलं १७८४ चं लग्न आणि त्याच्या मागे जाता येईना

सफोकची_सून:
नमस्कार मंडळी, जरा मदत हवीये. माझे सासरे इंग्लिश, वय ८१, घराणं मूळचं पश्चिम सफोकचं, बरी सेंट एडमंड्सच्या आसपासच्या खेड्यांतलं. वाढदिवसाला तुमची वंशावळ करून देते असं मोठ्या तोऱ्यात बोलून बसले आणि आता फसलेय. १८३७ पासून सरकारी नोंदणी आहे आणि १८५१ च्या जनगणनेत जन्माचं गाव लिहिलेलं असतं त्यामुळे तिथवर धडाधड गेले (१८४१ ला मोठ्या माणसांची वयं पाचाच्या पटीत खाली आणून लिहिलीत हे माहीत नव्हतं, त्यात एक आठवडा पाण्यात गेला). त्याच्या मागे पॅरिश रजिस्टर (गावच्या चर्चची बाप्तिस्मा, लग्न, दफनाची वही), तेही जमलं.

गाडी अडकली ती विल्यमवर. धंदा लोहाराचा, लग्न १७८४. बाप्तिस्मे मात्र दोन सापडतात, एक त्याच गावात १७५८ चा, बाप जॉन, आणि दुसरा शेजारच्या गावात १७६० चा, बाप रॉबर्ट. आडनाव तेच. ऑनलाइन झाडं (लोकांनी टाकलेल्या वंशावळी) बघितली तर अकरा जणांनी १७५८ वाला लावलाय, एकानेही कारण दिलेलं नाही. मीही तोच लावू का? आणि लोहाराचं मृत्युपत्र वगैरे असेल का, की ते फक्त जमीनदारांचंच असायचं?

जुनी_शाई:
लावू नका! अकरा झाडं म्हणजे अकरा पुरावे नव्हेत, एकाने लावलं आणि दहांनी कॉपी मारली एवढंच. आधी १७५८ वाल्याला मारायचा प्रयत्न करा. म्हणजे त्याच गावाच्या दफनाच्या नोंदी १७५८ पासून पुढे एकेक ओळ वाचत जा, "जॉनचा मुलगा विल्यम" लहानपणीच गेला असेल तर विषय संपला. लोक बाप्तिस्मा सापडला की खूश होतात, दफन कुणी बघतच नाही. आणि इंडेक्सवर विसंबू नका, मूळ पानाचा फोटो बघा. रजिस्टरचं पान फाटलं किंवा भिजलं असेल तर त्याची नक्कल चर्चच्या वरच्या ऑफिसात दरवर्षी पाठवायचे, १५९८ पासूनचा नियम आहे, ती वेगळी ठेवलेली असते. कधीकधी मूळ पानात नसलेलं नक्कलेत सापडतं, उलटही होतं.

लग्नाची नोंद परत काढा. १७५४ पासून लग्नाचं रजिस्टर वेगळं झालं, त्यात नवरा, नवरी आणि साक्षीदार सह्या करतात किंवा फुली मारतात. साक्षीदार कोण बघा, रॉबर्ट नावाचा किंवा त्याच आडनावाचा कुणी असेल तर तो धागा. पण प्रत्येक लग्नाला एकच साक्षीदार दिसला तर तो चर्चचा कारकून असतो, त्याच्या मागे धावू नका, मी धावलोय.

अजून एक, १ ऑक्टोबर १७८३ पासून १७९४ पर्यंत रजिस्टरमधल्या प्रत्येक नोंदीवर तीन पेनी कर होता, गरिबांना माफ. त्यामुळे तुमच्या विल्यमची पोरं त्या वर्षांत दिसत नसतील तर घाबरू नका, कर उठल्यावर तीन-चार पोरांचे बाप्तिस्मे एकाच दिवशी उरकलेले बघितलेत मी.

कोर्टाची_पायरी:
लोहाराचं मृत्युपत्र नक्की असू शकतं. लोहार, सुतार, छोटा शेतकरी, विधवा बाई, सगळ्यांची आहेत. १२ जानेवारी १८५८ च्या आधी मृत्युपत्र सरकारकडे नाही तर चर्चच्या कोर्टात सिद्ध व्हायचं, आणि कोर्टं पायऱ्यापायऱ्यांची. तुमच्या भागाला सगळ्यात खाली सडबरीची आर्चडीकनरी (बिशपच्या हाताखालचा चर्चचा विभाग), तिच्या वर नॉरिचच्या बिशपचं कोर्ट, आणि मालमत्ता एकापेक्षा जास्त बिशपांच्या हद्दीत असेल तर थेट कँटरबरीचं प्रेरोगेटिव्ह कोर्ट, म्हणजे आर्चबिशपचं. मधेच अपवादही आहेत, हॅडलीसारखी काही गावं सफोकमध्ये असून कँटरबरीच्या आर्चबिशपच्या अखत्यारीत होती, त्यामुळे गाव कुठल्या कोर्टाखाली येतं ते आधी बघा. एका कोर्टात नाही म्हणजे नाहीच असं होत नाही.

आता खरी गंमत. विल्यमचं मृत्युपत्र शोधू नका, त्या आडनावाच्या सगळ्यांची शोधा. पाच-सहा गावं घ्या, १७६० ते १८३० जेवढी मिळतील तेवढी वाचून काढा. सोनं असतं ते बिनलग्नाच्या आत्या आणि निपुत्रिक काकांकडे, कारण बापाने पोरांना हयातीतच सगळं देऊन टाकलेलं असतं, आत्याबाई मात्र प्रत्येक भाच्याला नावानिशी चमचे वाटत बसतात. नवरा असलेल्या बायकांची मृत्युपत्रं फारशी मिळणार नाहीत, १८८२ चा कायदा येईपर्यंत त्यांना नवऱ्याच्या संमतीशिवाय करताच येत नव्हतं.

शब्दांवर जाऊ नका. कझिन म्हणजे कुठलाही नातेवाईक, सन-इन-लॉ म्हणजे बऱ्याचदा सावत्र मुलगा, नेफ्यू कधीकधी चक्क नातू. आणि थोरल्याला एक शिलिंग ठेवला म्हणजे बापलेकांचं भांडण असं धरू नका, त्याचा वाटा आधीच देऊन झालेला असू शकतो. कँटरबरीची जी मृत्युपत्रं ऑनलाइन मिळतात ती कोर्टाच्या वहीतली नक्कल आहे, त्यातली सही कारकुनाच्या हातची, तेव्हा लग्नाच्या सहीशी ती जुळवत बसू नका.

मातीतला_माणूस:
वर सगळं बरोबर आहे पण एवढी आशा लावू नका हो ताईंना. माझ्या बायकोकडचे सगळे शेतमजूर, पाच पिढ्यांत एकाचंही मृत्युपत्र नाही. अशांना शोधायला गरिबांच्या मदतीचे कागद. १६६२ च्या कायद्यापासून माणूस दुसऱ्या पॅरिशमध्ये राहायला गेला आणि उद्या खायचे वांदे झाले तर त्याला पोसायचं कुणी यावर दोन गावांत कज्जे चालायचे, मग त्याला मॅजिस्ट्रेटसमोर उभं करून कुठे जन्मलास, कुणाकडे शिकलास, कुठे चाकरी केलीस सगळं लिहून घ्यायचे. आमच्या माणसाची अख्खी कहाणी त्या एका पानात निघाली. तुमचा विल्यम शेजारच्या गावातून आलेला असेल तर त्या गावाने दिलेला दाखला किंवा लोहारकी शिकायला बांधून घेतल्याचा कागद पॅरिशच्या पेटीतल्या कागदांत असू शकतो.

सफोकची_सून:
तीन आठवड्यांनी परत आले. जुनी_शाई, तुमच्या तोंडात साखर! जॉनचा विल्यम १७६१ ला पुरलाय, "इन्फंट" म्हणून, त्याच रजिस्टरच्या पुढच्या काही पानांवर. म्हणजे अकरा लोकांच्या झाडात तीन वर्षांचं पोर मोठं होऊन लग्न करून लोहार झालंय.

आणि आत्याबाई पण सापडल्या. लग्न न झालेली बाई, मृत्युपत्र १८०९ ला सिद्ध झालेलं, "माझा नेफ्यू विल्यम, लोहार", गाव आमचंच, त्याला पाच पाउंड, एक पलंग आणि अमुक मॅनरचं कॉपीहोल्ड घर. पण वर लिहिलंय नेफ्यू म्हणजे काहीही असू शकतं. रॉबर्टचं नाव तर कुठेच नाही. आणि कॉपीहोल्ड म्हणजे नेमकं काय?

कोर्टाची_पायरी:
वा! १८०९ म्हणजे डेथ ड्यूटीची (वारशावरच्या कराची) रजिस्टरं बघा, लंडनमधल्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये, १७९६ पासूनची आहेत. नात्याप्रमाणे कराचा दर बदलायचा म्हणून कारकून नातं नीट लिहायचा. भावाचा मुलगा की परका हे तिथे कळेल.

मॅनरवाला:
मी बराच उशिरा आलो पण ही माझीच गल्ली. मॅनर म्हणजे जहागीर म्हणा. कॉपीहोल्ड म्हणजे जमीन मॅनरच्या लॉर्डची, कूळ ती मॅनरच्या कोर्टातल्या नोंदीवर धरून, आणि त्या नोंदीची जी नक्कल कुळाला मिळायची तोच त्याचा कागद, त्यावरून कॉपीहोल्ड. धारक मेला की वारस कोर्टात येऊन फी भरून आपलं नाव लावून घेणार. थोडक्यात आपल्याकडचा फेरफार. १ जानेवारी १९२६ ला हा प्रकार संपला.

आता तुमचं काम असं. आत्याने घर विल्यमला दिलं तर कोर्टाच्या वहीत विल्यमचं नाव लागल्याची नोंद हवी. पण त्याहून मोलाची आहे ती आत्याचं स्वतःचं नाव लागलं ती नोंद, कारण तिला घर कुणाकडून आलं ते त्यात असणार. बापाकडून आलं असेल तर बापाचं नाव निघेल आणि त्याच्या मृत्युपत्रात किंवा आधीच्या नोंदीत रॉबर्ट तिचा भाऊ म्हणून दिसला की साखळी पूर्ण. सफोकमध्ये बऱ्याच मॅनरांत धाकट्या मुलाला वारसा मिळायची रीत होती, तेव्हा थोरला गाळलेला दिसला तर दचकू नका.

मॅनर आणि पॅरिश एक नव्हे, एका गावात तीन मॅनर असू शकतात. तुमच्याकडे मॅनरचं नाव आहे हे नशीब, नॅशनल आर्काइव्हजच्या मॅनोरियल डॉक्युमेंट्स रजिस्टरमध्ये ते टाका, वह्या कुठे ठेवल्यात कळेल. १७३३ च्या आधीचं लॅटिनमध्ये, पण वाक्यं तीच तीच असतात, दहा नोंदी वाचल्या की अकरावी वाचता येते. तारखांना जपा, १७५२ च्या आधी वर्ष २५ मार्चला बदलायचं, १२ फेब्रुवारी १७२३ म्हणजे आपल्या हिशोबाने १७२४.

सफोकची_सून:
डेथ ड्यूटीत "भावाचा मुलगा" आलंय!! भावाचं नाव नाही पण. मॅनरच्या वह्या बघायला पुढच्या महिन्याची वेळ घेतलीये, सासरेबुवा पण येतायत, पेन चालत नाही फक्त पेन्सिल हे कळल्यापासून रोज टोक करून ठेवतायत. त्या अकरा जणांनाही दफनाच्या पानाचा फोटो पाठवला. एकाचंच उत्तर आलं, म्हणाला माझ्याकडे त्याचे दोनशे वंशज लावून झालेत, आता तो जिवंतच राहू दे.