नवे क्लास: आकडा बरोबर, निष्कर्ष घाईचा

डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलाभोवती बसून पात्रं रंगवायच्या खेळाबद्दल एक तक्रार ऐकू येते: ‘दहा वर्षांत एकच नवा क्लास (म्हणजे योद्धा, जादूगार असा पात्राचा प्रकार), हा निव्वळ आळस.’ आकडा बरोबर आहे. खेळाच्या पाचव्या आवृत्तीत २०१४ ला १२ क्लास होते, २०१९ मध्ये एबेरॉन या काल्पनिक जगावरच्या पुस्तकातून आर्टिफिसर (जादुई वस्तू घडवणारा कारागीर) आला, आणि २०२४ च्या प्लेअर्स हँडबुक या मूळ नियमपुस्तकात परत १२च. पाथफाइंडर या प्रतिस्पर्धी खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीनेही १२ वरूनच सुरुवात केली, पण २०२० ते २०२५ मध्ये १५ वाढवले.

आळसाचं मात्र पटत नाही. मूळ पुस्तकाबाहेरचा क्लास पुढच्या पुस्तकांना गृहीत धरता येत नाही. आर्टिफिसर २०२० मध्ये टाशाच्या (‘टाशाज कॉल्ड्रन ऑफ एव्हरीथिंग’ या) पुस्तकात अख्खा पुन्हा छापावा लागला तो उगाच नाही. शिवाय नियमांचे सांधे कुरकुरतात. २०१४ च्या नियमांत मल्टिक्लास करताना, म्हणजे एकाच पात्राला दोन क्लास देताना, जादूसाठी पॅलाडिनच्या (थोडी जादू येणाऱ्या धर्मयोद्ध्याच्या) निम्म्या लेव्हल खाली पूर्णांकित होतात, आर्टिफिसरच्या वर; सॉर्सरर, विझर्ड या जादूगारांच्या मात्र पूर्ण धरतात. म्हणजे पॅलाडिन ३ + सॉर्सरर ५ = ६, पण आर्टिफिसर ३ + विझर्ड ५ = ७. स्पेल स्लॉटच्या (किती मंत्र टाकता येतील त्याच्या) तक्त्यात एक ओळ फुकट! (२०२४ ला पॅलाडिनलाही वर पूर्णांकित करून हा फरक मिटवला.)

मिस्टिक हा मनःशक्ती वापरणारा क्लास आठवतोय? २०१७ च्या चाचणी मसुद्यात २० लेव्हलपर्यंत लिहून झाला होता. पण बरं करणं, मारणं, मार झेलणं सगळं एकाच पात्राला जमायचं; मग बाकीच्या चौघांनी टेबलावर फक्त चिवडा खायचा का? तो बाद झाला ते योग्यच.

माझी तक्रार वेगळी आहे: वॉरलॉर्डसारखा, जादूविना साथीदारांना चाल देणारा क्लास चौथ्या आवृत्तीत होता. त्याची जागा बॅटल मास्टर या फायटरच्या (योद्ध्याच्या) सबक्लासने, म्हणजे उपप्रकाराने, भरून निघत नाही.